तळघरातलं पीक

७ जानेवारी, आमचा युक्रेनी नाताळ

बियाण्याच्या कंपनीने याही वर्षी खिशात मावणारी डायरी पाठवली. जमीन शेजारच्या ब्रेंटला खंडाने देऊन टाकली, हे त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. आयुष्यभर असल्या डायऱ्यांत पेरणी, पाऊस, गारपीट आणि उतारा लिहिला. आता काय लिहू? बाहेर उणे एकतीस. गुडघा दुखतोय. वारा उत्तरेचा.

पण काल रात्री जेवताना मी जे बोलून बसलो ते लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर लारिसा त्याला पदरचे चार शब्द जोडेल.

विषय तोच, यॉर्कटनमधलं म्हाताऱ्यांचं वसतिगृह. त्याचं खरं नाव छान काहीतरी आहे, मी वसतिगृहच म्हणतो. तिथे तळमजल्यावर एक जागा रिकामी झाली आहे, चाकाची खुर्ची जाईल एवढे रुंद दरवाजे आहेत म्हणे. माझ्या बायकोची, स्टेफाची, बहीण जीनी तिथेच राहते. फेब्रुवारी संपायच्या आत हो किंवा नाही कळवायचं. आमची लेक लारिसा कॅलगरीहून खास त्यासाठी आली होती, आणि सणाच्या जेवणाचे बाराही पदार्थ संपेपर्यंत डिसेंबरच्या वादळाचीच गोष्ट उगाळत होती. त्या वादळात रस्ता बंद पडला आणि स्टेफाचं तेल संपलं. तिच्या मज्जातंतूंच्या दुखण्यावर डॉक्टरांनी गांज्याचं तेल दिलंय. ते नसलं की पायांत असे गोळे येतात की तिची चाकाची खुर्ची हलते. दुकान साठ किलोमीटरवर. हे मला कुणी सांगायला नको, तिचे पाय धरून मीच बसलो होतो.

मी म्हणालो, "गांजाच हवाय ना? कॅनडात घरी चार झाडं लावायला कायद्याची परवानगी आहे. मी लावतो."

"तातो, तो गहू नाहीये," लारिसा म्हणाली.

"ज्याने दोन हजार एकर पिकवले त्या तुझ्या बापाला चार झाडं जड जाणार?" सणाचा घोट जरा जास्त झाला असेल. मी टेबलावर हात आपटला. "फेब्रुवारी संपताना रोपं उभी नसतील, तर मी स्वतः फोन करून ती जागा घेतो. पण उभी असली, तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही."

स्टेफा मध घातलेले उकडलेले गहू वाढत होती. चमचा तसाच धरून ती म्हणाली, "शब्द दिलास हं, ओरेस्ट."

मला वाटतं तिला माझा अभिमान वाटला असावा.

१६ जानेवारी

लारिसाने सगळं सामान कुरियरने पाठवलं. काळा टब, झाकणाला चार भोकं, त्यात बसणाऱ्या जाळीच्या वाट्या, मातीच्या भाजक्या गोळ्या, एक दिवा, पाण्यात बुडबुडे सोडणारा छोटा पंप, खताच्या दोन बाटल्या आणि गांज्याच्या चार बिया. पोरगी प्रामाणिक आहे. माझ्या विरुद्ध बाजूला उभी राहून मलाच दारूगोळा पुरवते.

तळघरात कपडे धुण्याच्या टाकीशेजारी मांडामांड केली. तिथे ऊब आहे, आणि नळ हाताशी. स्टेफा दोन वर्षांत तळघरात उतरलेली नाही. ती जिन्याच्या तोंडाशी खुर्ची आणून वरूनच चौकशी करत होती.

"माती कुठंय?"

"माती नसते यात."

"मग मुळं राहणार कुठं?"

"पाण्यात. वरून खत, खालून हवा."

"आणि पाणी कुठलं?"

"नळाचं! इथेच तर आहे. का विहिरीवर जाऊ बादली घेऊन?"

यावर तिने मान हलवली. मग "बरं" म्हणाली आणि खुर्ची मागे घेतली. हिवाळ्यात ती अबोल होत जाते.

२४ जानेवारी

चारही उगवली! पानांच्या जोड्या बोटाच्या पेराएवढ्या. लारिसाला फोटो पाठवला. तिने नुसता अंगठा पाठवला, म्हणजे पोटात दुखतंय.

दुपारी स्टेफासाठी बर्फाची बादली भरून आणली. तिच्या व्हायोलेटच्या, जांभळ्या फुलझाडांच्या, कुंड्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने आहेत, वर छोटा दिवा. त्यांना नळाचं पाणी चालत नाही. बाईसाहेब बर्फ वितळवून, कोमट करून, चमच्याने पाजतात.

"माझ्यापेक्षा यांची बडदास्त जास्त," मी म्हणालो.

"त्यांना तेच मानवतं," ती म्हणाली. "प्रत्येकाला काय मानवतं ते बघायला लागतं."

मला माझा गुडघा मानवत नाही, त्याचं काय करायचं? बर्फ भरायला पोर्चच्या पायऱ्या उतराव्या लागतात.

३० जानेवारी

पानांच्या कडा तपकिरी होतायत. बुटकी राहिलीत. खत कमी पडत असणार, वाढतं पोर आहे, भूक लागणारच. दोन्ही बाटल्यांतून थोडं थोडं जास्त घातलं.

सॉफ्टनरमधलं मीठ संपलं होतं. आमच्या विहिरीचं पाणी इतकं जड की किटलीत दगड जमतात, म्हणून स्टेफाच्या केसांसाठी आणि कपड्यांसाठी मीच ते यंत्र बसवलं. स्वयंपाकघराचा थंड नळ सोडला तर घरभर त्याचंच पाणी फिरतं. मिठाचं पोतं खांद्यावर घेऊन जिना उतरलो आणि यंत्रात ओतलं. तिथेच रोपांसमोर पायरीवर बसून दम खाल्ला.

वरून तिने विचारलं, "कशी आहेत?"

"झकास," मी म्हणालो. तिला काळजी कशाला?

४ फेब्रुवारी

ब्रेंट ट्रॅक्टर घेऊन अंगणातला बर्फ काढायला आला. गांज्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली आहे. चर्चच्या तळघरात बटाट्याच्या सारणाच्या पेरोगी वळणाऱ्या बायकांपर्यंतही पोचली आहे, म्हणजे आता जिल्हाभर झाली.

"काय ओरेस्ट, कापणीला माझं यंत्र आणू का?" म्हणून हसला.

मग कामाचं बोलला. उत्तरेकडच्या तुकड्यात ती पांढरी चोपण जागा आहे ना, तिथे यंदा जास्त खत टाकून बघू का, असं विचारत होता. मी त्याला अर्धा तास झापलं. म्हटलं, अरे बाबा, तिथे खताचा प्रश्न नाही, मिठाचा आहे. मीठ मुळाला पाणी ओढू देत नाही. रोप पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. वर खत टाकशील तर आणखी लवकर मरेल. माझ्या बापाने मला हे पाचव्या वर्षी सांगितलं होतं, पांढरी माती जिभेवर ठेवून.

"तुमच्याकडून शिकावं ते थोडंच," ब्रेंट म्हणाला. पोरगा बरा आहे.

स्टेफा खिडकीतून बघत होती. मी आत आल्यावर विचारलं, "मिठाबद्दल बोलत होतास ना? हातवारे ओळखले मी."

"हो. त्याला काही येत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग व्हायोलेटची सुकलेली पानं खुडायला लागली.

रोपांची पानं आता पंज्यासारखी खाली वळलीत. खत आणखी वाढवलं.

८ फेब्रुवारी

लारिसाने पाण्यात काय किती विरघळलंय ते मोजायचं यंत्र पाठवलं. पेनासारखं, पाण्यात बुडवायचं. टबात बुडवलं तर आकडा एवढा चढला की मी चरकलो. मग टब रिकामा करून नळाचं कोरं पाणी भरलं, खताचा थेंब नाही. तरी आकडा खाली येईना. म्हणजे यंत्रच बिघडलेलं. हल्ली धड वस्तू मिळेल तर शपथ. लारिसाला तसं सांगितलं तर म्हणाली, "यंत्र बरोबर असेल तर?"

"तर काय, पाणी बिघडलंय? हेच पाणी पिऊन तू एवढी झालीस."

"नाही तातो, आम्ही स्वयंपाकघरातलं..." एवढ्यात लाईन तुटली. आमच्याकडे वारा सुटला की असंच होतं.

११ फेब्रुवारी

एक रोप गेलं. दुसरं जायच्या बेतात. दिवा वर केला, खाली केला, टबाखाली घोंगडी घातली. गुडघा तळघराच्या पायऱ्यांवर मेला आहे.

दुसरं उपटलं, मुळं तपकिरी दोऱ्यासारखी. वर आणलं, कचऱ्यात टाकणार तर स्टेफाने हात पुढे केला.

"दाखव तरी. माझ्यासाठी चाललंय सगळं, आणि मी एकदाही पाहिलं नाही."

"हे नमुना नाही हं. हे त्यातलं मरतुकडं. बाकीची बरी आहेत."

तिने ते तळहातावर घेतलं. पानाची कडा बोटाने चोळली आणि बोट ओठाला लावलं. विचित्र बाई आहे.

"राहू दे इथं. मी टाकते," ती म्हणाली. मी खाली गेलो.

१५ फेब्रुवारी

स्टेफाने कपाटं आवरायला काढली आहेत. कित्येक वर्षं म्हणत होतो, आवर म्हणून. जुन्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरते. खोक्यांवर नावंही घातली, जीनीची, लारिसाची. वसंत ऋतूपर्यंत घर नवं दिसेल.

तिचा चांगला कोट, चर्चला जायचा, हल्ली खुर्चीच्या पाठीवर असतो. विचारलं तर म्हणाली, "असू दे, हाताशी." थंडी वाजत असेल. मी घर तापवणारी भट्टी दोन अंश वाढवली.

रोज दुपारी जीनीचा फोन येतो. फोनवर एवढं काय हसायचं असतं? वसतिगृहात मंगळवारी पत्ते, गुरुवारी कुणीतरी अकॉर्डियन वाजवतं, शुक्रवारी मासे. मी जवळून गेलो की ती आवाज कमी करते. मला त्रास नको म्हणून करत असेल.

खरं लिहायचं तर कधी कधी वाटतं, मी या घरात अडकून पडलोय. तिच्या औषधाच्या वेळा, तिची अंघोळ, भट्टी, बर्फ, पुन्हा औषध. अंगणाच्या फाटकापलीकडे गेलो नाही ते किती दिवस झाले. पण हे घर सोडून माणसाने जायचं कुठे? माझ्या आजोबांनी इथलं रान तोडून अंगण काढलं. ते तिला कळतं, म्हणून तर ती कधी कुरकुर करत नाही.

बर्फाच्या बादल्या मात्र वाढल्यात. व्हायोलेट जास्त प्यायला लागलीत म्हणे.

२० फेब्रुवारी

कालपासून वादळ. पोर्चचं दार बर्फाने दाबून धरलंय, खांदा लावला तरी उघडत नाही. सकाळी वीज गेली. पंप बंद, दिवा बंद. तळघरातली उरलेली दोन रोपं अंधारात आहेत, त्यांच्याकडे बघायची सवड नाही. वरच्या चुलीत लाकडं घातली आणि स्टेफाला चुलीजवळ ओढलं.

तेल आहे, पण मोजकं. आज अर्धाच डोस दिला, रस्ता कधी उघडेल सांगता येत नाही. दुपारी गोळे आले. मी तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत होतो आणि ती खिडकीकडे तोंड करून होती. ओठ चावून रक्त काढलं पण ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

जरा उतरल्यावर म्हणाली, "यॉर्कटनमध्ये दिवे आहेत. जीनी सांगत होती."

"गावाचं काय, तिथे तारा जमिनीखालून."

"हं."

"अजून थोडा धीर धर. रोपं मोठी झाली की कुणाची वाट बघायला नको. सगळं घरात."

"सगळं घरात," ती म्हणाली.

मग तिने एक वेडेपणा केला. खुर्चीच्या पाठीवरचा चांगला कोट काढून मला म्हणाली, "हा कुंड्यांवर घाल, खिडकीत गारठतील." मी म्हटलं, तू गारठतेस त्याचं काय? तर ऐकेना. तो कोट खिडकीत तंबूसारखा उभा केला तेव्हा कुठे शांत झाली. मला राग आला, आणि रागाचीही लाज वाटली. चार भिंतींत दोन माणसं आणि एकमेकांचं काही कळेना. माझा जीव घुसमटतोय. शेतात एवढी वादळं काढली पण असं कधी झालं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

वीज आली. ब्रेंटने रस्ता मोकळा केला आणि दुकानातून तेलही आणलं. देव त्याचं भलं करो.

तळघरातलं एक रोप आडवं झालं. दुसरं उभं आहे, पण पिवळं, काडीसारखं. हे चार दिवसही काढणार नाही.

लारिसाला फोनवर म्हणालो, "उत्तम आहेत." स्टेफा तिथेच बसली होती. स्टेफालाही तेच सांगत आलोय. खोटं बोलायची सवय नाही, तरी जमलं. जमायला काय लागतं, ती काही जिना उतरून बघायला येणार नाही. हे लिहिल्यावर पुन्हा वाचलं आणि मला माझीच शिसारी आली.

२७ फेब्रुवारी

सकाळी शेवटचं रोपही गेलं. जिन्यावर बसून राहिलो. मग वाटलं, निदान बर्फ तरी आणून द्यावा.

बादली खिडकीखाली ठेवताना पडद्याची कड अडकली म्हणून मी ती सारली. व्हायोलेटच्या मागे, कान तुटलेल्या कपात, माझ्या तळहाताएवढं रोप उभं होतं. हिरवंगार. दातेरी पानं, ताठ. खालचं एक पान जुनं, कडा जळलेली. त्या जळक्या कडेवरून ओळखलं.

मी ओरडलोच. "स्टेफा! जगलं! एक जगलं! अगं जिंकलो आपण, कुठेही जायला नको!" तिच्या खुर्चीचे हात धरून मी तिला गरकन फिरवलं. ती हसली नाही.

"बर्फाचं पाणी," ती म्हणाली. "तळघरातला नळ मिठाचा आहे, ओरेस्ट. सॉफ्टनरचा. तू त्या पोरांना रोज मीठ पाजत होतास."

मी जागच्या जागी बसलो. ब्रेंटला दिलेलं ते सगळं व्याख्यान, पांढरी माती, जिभेवरची चव, सगळं आठवलं. स्वतःच्या हाताने पोतं ओतून शेजारीच बसून दम खाल्ला होता.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. मी विचारलं ना, पाणी कुठलं."

"आणि बोलली नाहीस?"

"नाही."

"का?"

तिने व्हायोलेटचं एक पान खुडलं, हातात फिरवलं. "रोपं जगली असती तर मला इथंच राहावं लागलं असतं."

ती थांबली नाही, बरंच साठलं होतं.

"तू तळघरात जातोस, अंगणात जातोस, ब्रेंटला झापतोस. मी या खुर्चीतून त्या खुर्चीत. ब्रेंट दिसतो तोही ट्रॅक्टरच्या काचेतून. मला माणसं हवीत. मला मंगळवारी पत्ते खेळायचेत. जीनी पत्त्यांत चोरी करते, तिला पकडायला मी तिथं नाही."

"मग सांगायचं होतंस."

"सांगितलं. दोन हिवाळे सांगितलं. तू म्हणालास, थंडीत बायकांना असंच होतं, बर्फ वितळला की जाईल."

म्हणालो होतो. शब्द न शब्द तोच.

मी विचारलं, "मग हे का वाचवलंस? टाकलं असतंस कचऱ्यात, तर कुणाला कळलं असतं?"

"माझ्या हातात दिलंस की रे," ती म्हणाली. "जिवंत होतं. त्या बिचाऱ्याने काय केलं होतं?"

मी खाली जाऊन टब रिकामा केला. काम एवढंसं, पण तिथेच खूप वेळ उभा राहिलो. वर जायचं धैर्य होईना. इतका रडलो की पंपाचा आवाज चालू आहे म्हणून बरं वाटलं.

२८ फेब्रुवारी

सकाळी दाढी केली. फाटकापर्यंत चालत जाऊन आलो. आजोबांनी लावलेल्या झाडांची ओळ तशीच उभी आहे. ती तोडणार नाही, असं ब्रेंटकडून लिहून घेणार आहे.

अकराला लारिसाचा फोन आला. स्टेफा खिडकीजवळ होती, कप तिच्या मांडीवर. रात्रीत आणखी एक पान उलगडलं होतं.

"तातो, आज शेवटचा दिवस," लारिसा म्हणाली. आवाज मऊ होता, तिला माझी दया येत असावी. "आईसमोर खरं सांगा. उभी आहेत का?"

स्टेफा माझ्याकडे बघत होती. तिने कप लपवला नाही. सगळं माझ्यावर सोडलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "एकही जगलं नाही."

लारिसा म्हणाली, "तातो, मला वाईट वाटतंय."

"वाटू दे. त्या लोकांचा नंबर दे. फोन मीच करणार होतो, आठवतं ना?"

गारपिटीने गेलं तेव्हा गेलं म्हणून सांगितलं, दुष्काळात गेलं तेव्हाही सांगितलं. पीक डोळ्यांसमोर उभं असताना बुडालं म्हणून सांगायची ही पहिलीच खेप.

त्या लोकांना फोन केला. बाई गोड बोलत होती, मला तिचा रागच आला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जागा मिळेल. तेल तिथे दारात आणून देतात.

फोन ठेवल्यावर स्टेफा म्हणाली, "खोटारडा." मग बराच वेळ माझा हात धरून बसली. थोड्या वेळाने विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूला आहे, ते विचारलंस?"

"दक्षिणेला."

"आणि कुंड्या?"

"व्हायोलेट चालतात. दुसरं काही वाढवलेलं चालत नाही."

तिने मांडीवरच्या कपाकडे पाहिलं. "ब्रेंटला देऊ. पण बर्फाचं पाणी घालायला सांग त्याला."

"आता मी त्याला काय तोंडाने शिकवू?"

त्यावर ती हसली. फोनवर हसते तशी, मोठ्याने. ते हसू या घरात, माझ्यासमोर, किती दिवसांनी ऐकलं ते आठवेना.

संध्याकाळी बादली भरून आणली. तिने चमचा माझ्या हातात दिला. मी पाणी कोमट केलं आणि आधी व्हायोलेटना घातलं, मग त्या कपात, सावकाश, ती सांगेल तेवढं.

बाहेर उणे बावीस. वारा पडलाय. रस्ता मोकळा आहे.